पट्टीखालची पट्टी

"खळ माझीच आहे, साहेब. नाकाला विचारा हवं तर."

असं म्हणून पट्टीमावशीने पुस्तक तोंडाशी नेलं आणि उघडं पान हुंगलं. टेबलापलीकडे कायदासाहेब चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. सरकारी नियमांचं पुस्तक कुणी असं तान्ह्या पोराच्या टाळूसारखं हुंगताना त्यांनी पाहिलं नव्हतं.

"सोळा वर्षं वास राहतो?"

"मैद्याचा जातो. मोरचुदाचा राहतो. ह्या बाकीच्या पट्ट्या बघा, खाडीपलीकडच्या कचेरीतल्या शिपायाने लावलेल्या. नुसता डिंक. कोपरे उचललेत, खाली झुरळांच्या पंगती उठून गेल्यात. माझ्या पट्टीला कसर लागत नाही."

"म्हणजे पिण्याच्या पाण्याची पट्टी तुम्ही लावली."

"मी लावली."

"आणि वयाची?"

मावशीने पुस्तक खाली ठेवलं. ह्या प्रश्नाची ती सोळा वर्षं वाट बघत होती. तो कधी दारावरून जायचा, कधी अंगणात खाकरायचा, पण दुसऱ्याच कुणाकडे काम असल्यासारखा पुढे निघून जायचा. आज आत येऊन पाय पसरून बसला.

शिक्षणखात्याच्या त्या कचेरीत मागच्या अंगाला एक लांबोडकी खोली आहे, तिला नियमांची खोली म्हणतात. शाळांचा आणि कॉलेजांचा जो काही कायदा राज्यात चालतो, त्याच्या पोटातले नियम एका जाड पुस्तकात छापलेले. त्याच्या चाळीस प्रती, चाळीस जिल्हाकचेऱ्यांना एकेक. नियम बदलला की नवं पुस्तक कोण छापणार? छापखाना फक्त बदललेला मजकूर पट्टीवर छापून धाडतो, आणि ती पट्टी जुन्या मजकुरावर बरोबर बसवायची. बसवणारी ही बाई. चौतीस वर्षं. खळ ती स्वतः शिजवते, शेगडीवर, मोरचूद घालून. कुंचला तिचा, पट्टी दाबायचा हाडाचा सपाट तुकडाही तिचाच. तिचं खरं नाव पगारपत्रकात आहे, पण कचेरीत ते हाक मारून कुणी विचारलं तर दोघंतिघं तरी एकमेकांकडे बघतील.

स्वतः ती चौथीपर्यंत शिकलेली. पण एकच ओळ चाळीस पुस्तकांत चाळीसदा बसवायची म्हणजे ती चाळीसदा वाचायची, आणि चाळीसदा वाचलेलं माणूस मेल्यावरसुद्धा विसरत नसेल. वर्गाच्या खिडक्या जमिनीच्या पाचव्या हिश्शाएवढ्या. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. फळा उत्तरेच्या भिंतीला. शिक्षकांच्या कॉलेजात जायचं तर पहिलीपासूनचे दाखले एकाला एक जोडून हवेत, मधली कडी तुटलेली चालत नाही. हे सगळं तिला पाठ. खळ शिजत असताना पळी फिरवता फिरवता तिच्या डोळ्यांसमोर ती शाळा उभी राहायची, जी फक्त नियमांतच आहे. स्वच्छ, उजेडाची, कुणी न बांधलेली. पोपडा न उडालेल्या भिंती, आणि प्रत्येक नळाला पाणी. अशा शाळेत आपण कधी गेलो नाही, आणि कुणी गेलं असेल असंही तिला वाटत नव्हतं. पण रोज थोडी थोडी ती तिथे राहायची, हे मात्र खरं.

पट्ट्यांवर पट्ट्या चढतात. काही पानं पुठ्ठ्यासारखी झालीत. सगळ्यात जुन्या प्रतीत मुलींच्या शाळेच्या नियमावर सात थर आहेत. कोपरा नखाने किंचित उचलला की खालचा काळ दिसतो, त्याखाली त्याच्याही खालचा. कोणत्या थरात आपली आई शाळेत जाऊ शकली असती आणि कोणत्या थरात नसती, हेही तिने एकदा निवांतपणे बघून ठेवलं होतं. आई कोणत्याच थरात गेली नाही, ती गोष्ट वेगळी.

आता वयाची पट्टी. पूर्वी तेविसावा नियम असा होता, की वर्गात जागा असेल तर पहिलीत प्रवेश मागणाऱ्या कुणालाही नकार देता येणार नाही. कुणालाही, म्हणजे आजीबाईलासुद्धा. सोळा वर्षांपूर्वी त्यावर दुरुस्ती आली. चौदाच्या वर वय असेल तर पहिलीत घ्यायचं नाही. मोठ्यांसाठी संध्याकाळचे वेगळे वर्ग निघतील, तिकडे जावं. त्याच टपालात पाण्याच्या माठाऐवजी झाकणाच्या टाकीची दुसरी पट्टी होती. मावशीने दोन्ही गठ्ठे टेबलावर मांडले आणि कामाला लागली. चाळीस टाक्या लागल्या. वयाच्या पट्ट्या मात्र एकोणचाळीस भरल्या, आणि सतरा नंबरची प्रत उघडी राहिली.

छापखानावाले एखादी पट्टी कमी धाडायचे, हे नवं नव्हतं. उद्या मागवू म्हणून तिने ठेवलं. पण गाडी दारात उभी, हेडक्लार्क घड्याळाकडे बघून पाय आपटतोय, चाळीसच्या चाळीस पुस्तकं आजच जायची. रजिस्टरात 'चाळीस प्रती पूर्ण, तपासल्या' असा रकाना होता. तिने तिथे सही ठोकली. आणि दुसऱ्या दिवशी विसरली. काही मोठं कारण असतं तर सांगायला तरी बरं झालं असतं. घरात कुणी आजारी नव्हतं, बाहेर काही जळत नव्हतं. साधी, सरळ, घासून ठेवलेल्या पातेल्यासारखी कोरी विसरली.

आठवलं तेव्हा दीड महिना झाला होता. दीड महिन्यांनी सांगायचं म्हणजे दीड महिना का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार. मग वर्ष झालं. सतरा नंबरची प्रत खाडीपलीकडची. लांबच्या कचेऱ्यांची पुस्तकं दुरुस्तीला परत मागवायची नाहीत, पट्ट्या टपालाने धाडायच्या, असं त्यानंतर ठरलं, आणि ते पुस्तक परत तिच्या हाताखाली आलंच नाही. राहून राहून तिला वाटायचं, सगळ्या राज्यात एक दार लावायचं राहिलंय आपल्या हातून. कुणाला ठाऊक नाही. आणि खरं सांगायचं तर, भीतीच्या पोटात थोडी मजाही वाटायची. दुपारी डोळा लागला की तिला ते दार दिसायचं, अर्धवट उघडं, खारं वारं आत येतंय, कुणीतरी उंबऱ्यावर चपला काढतंय. कोण, ते दिसायच्या आत जाग यायची.

ती चपला काढणारी बाई आज कचेरीच्या बोळातल्या बाकावर बसली होती.

मिठागरात काम करणारी. वय चाळीस. सत्ताविसाव्या वर्षी पहिलीत बसली, पुढे बारावी केली, आणि ह्या वर्षी शिक्षकांच्या कॉलेजात तिचा नंबर लागला. कॉलेजच्या कारकुनाने जन्मतारीख आणि पहिलीच्या प्रवेशाची तारीख शेजारी शेजारी ठेवली, बोटं मोजली, आणि खात्याला पत्र टाकलं, की ही बाई कोणत्या नियमाने शाळेत शिरली? खात्याने खाडीपलीकडचं पुस्तक मागवलं. ते आलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, कडांना मिठाची पांढरी पूड. तेविसावा नियम उघडावाघडा, जुनाच, आणि त्याच पानावर खाली पाण्याची पट्टी. कॉलेजची शेवटची यादी शुक्रवारी लागणार होती. आज बुधवार.

कायदासाहेब सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता, सुका होता. हसताना आधी हसू कोणत्या कलमात बसतं ते बघून घ्यायचा. त्यांनी मावशीला सगळं समजावून सांगितलं. एकटी ती बाई असती तर एक वेळ निभलं असतं. पण खाडीपलीकडे संध्याकाळचे वर्ग कधी निघालेच नाहीत, आणि उघड्या नियमाने सोळा वर्षांत दोनशे बारा मोठी माणसं पहिलीत बसली होती. कुणी दाई झालं होतं, कुणी टपालात होतं, कुणी नुसतंच वाचायला शिकून घरी बसलं होतं. दुरुस्ती त्या कचेरीला पोचलीच नसेल, तर त्यांचे दाखले खरे. पोचलेली असेल आणि कुणी पाहिली नसेल, तर दोनशे बारा दाखले पोकळ.

मग त्यांनी ते पान खिडकीच्या उजेडात धरलं. पाण्याच्या पट्टीच्या मधोमध एक काळसर लांबट सावली दिसत होती.

"हे काय आहे?"

मावशीने अंगठा फिरवला. चौतीस वर्षांच्या अंगठ्याला लगेच कळलं. मधे जाड, कडांना पातळ.

"खाली काहीतरी आहे," ती म्हणाली. "उद्या वाफ देऊन काढते."

काय असेल, ते साहेबांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. दोघांनाही ते कळलं होतं.

दुपारी ती पाण्याचा तांब्या घेऊन बोळात गेली. बाकावरच्या बाईने तांब्या रिकामा केला, पदराने तोंड पुसलं आणि न विचारता बोलायला लागली. मिठागरातल्या लोकांना वाऱ्यात बोलायची सवय, आवाज बोळभर. पहिलीचा बाक गुडघ्यात बसेना म्हणून मोठ्या बायका मिठाच्या पाट्या पालथ्या घालून त्यावर बसायच्या. तिची मुलगी तेव्हा तिसरीत.

"मधल्या सुट्टीत मला ओळख दाखवायची नाही कार्टी. म्हणायची, आई, तू घरी आई. इथे तू खालच्या वर्गातली."

मावशी हसली. मग बाईने सांगितलं, की येत्या सोमवारपासून आठवडाभर तिकडे पहिलीचे प्रवेश आहेत, आणि ह्या खेपेला अकरा बायका तयार झाल्यात. बारावी तिची सासू. सत्तरीला टेकलेली, दात चार, पण हट्ट असा की मरताना यमाच्या वहीत अंगठा उठवणार नाही, सही करणार.

"मावशी, तुम्ही त्या खोलीतल्या ना? माझं काय होईल?"

उद्या कळेल, असं काहीतरी पुटपुटून मावशी तांब्या घेऊन आत आली. तो रिकामा आहे हे विसरून तिने तो दोन्ही हातांनी जपून टेबलावर ठेवला.

घरी नणंद काजं करत बसली होती. मावशीचा नवरा गेल्यापासून दोघी एकत्र राहतात, एक शिवते, एक चिकटवते. नणंद वयाने मोठी, तोंडाने त्याहून मोठी. सगळं ऐकून घेईपर्यंत तिने सहा काजं संपवली आणि दोरा दाताने तोडला. तिच्या मते ह्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

"काढ आणि गीळ. बोटभर कागद. घोटभर पाणी."

"वन्सं, तो कायदा आहे."

"मग मीठ लावून गीळ."

मावशीने साहेबांना काय सांगायचं ते विचारलं. नणंद म्हणाली, की पोचलीच नव्हती म्हणून सांग, आणि सही चुकून केली म्हण. तीन महिन्यांनी तू घरी बसणार, तुला कोण काय करतंय? मावशी म्हणाली, सही चुकली हे तर खरंच आहे, ते सांगायला माझी जीभ अडत नाही. पण पट्टी नव्हती असं सांगायचं म्हणजे मी लावलेल्या सगळ्याच पट्ट्यांना काय अर्थ राहिला? नणंदेने तिच्याकडे बघितलं, सुईत नवा दोरा घातला आणि म्हणाली, "तुझ्या अंगालाच ती खळ लागलीय, वहिनी. सुटायची नाही." मग भांडी घासताना तिने नेहमीपेक्षा जास्त आवाज केला.

पहाटे, उजाडायच्या जरा आधी, मावशी त्या शाळेत गेली. नियमांतल्या. आज ती कागदाची होती. भिंतींना खळीचा वास, खिडक्या पाचव्या हिश्शाच्या, एका हातानेही जास्त नाहीत. दार बाहेर उघडत होतं, आणि उघडताना पुस्तकाचं पान उलटावं तसा आवाज करत होतं. आत बाकांवर बायका बसल्या होत्या, पाठमोऱ्या. पुढे फळ्याशी कुणी नव्हतं. तिने भिंतीचा कोपरा नखाने उचलला. खाली दुसरी भिंत, तिला दुसरी खिडकी, त्या खिडकीत दुसरा उजेड, जरा जुना. तीही उचलली. थरामागून थर उचलत ती जात राहिली, बायका तशाच बसलेल्या, कुणी मागे वळून बघेना, आणि शेवटच्या थराखाली भिंतच नव्हती. नुसतं पांढरं मिठागर होतं, आभाळाएवढं, आणि त्यावरून एक म्हातारी वही काखेत मारून सावकाश चालत येत होती. तिला बोलवावं म्हणून मावशीने तोंड उघडलं, तर जिभेवर मोरचुदाची चव आली. ती उठून चूळ भरून आली आणि पुन्हा निजली नाही.

गुरुवारी दहा वाजता तिने नियमांच्या खोलीत शेगडीवर पाणी ठेवलं. कायदासाहेब आले, खुर्चीत बसले, पुन्हा उठले. त्यांनी खिडकी लावली. मग दाराशी जाऊन पाठमोरेच उभे राहिले.

"मला खाली सह्या करायच्या आहेत. पाऊण तास लागेल. दार ओढून घेतो, वाफ बाहेर जायला नको." आणि जरा थांबून, "जे सापडेल तेच मी लिहीन. न सापडलेलं मला लिहिता येत नाही."

दार लागलं. सुका माणूस, पण जाता जाता ओला हात लावून गेला, असं तिला वाटलं.

किटलीच्या तोंडातून वाफ आली. तिने पान तिरकं धरलं. खोली हळूहळू पांढरी झाली. कपाटं दिसेनाशी झाली, मग भिंती. फक्त पान राहिलं, तिचे दोन हात राहिले आणि पाणी खदखदण्याचा आवाज. खळ नरमायला लागली की एक क्षण असा येतो, की कागद आपणहून श्वास घेतल्यासारखा फुगतो. तो क्षण आला. तिने हाडाचा तुकडा कडेखाली सरकवला. एक कड, दुसरी कड, तिसरी. पाण्याची पट्टी अलगद उठली आणि तिच्या पाठीला चिकटलेली दुसरी, लहान पट्टी तिच्याबरोबर वर आली. वय चौदाच्या वर असल्यास.

सोळा वर्षं ती तिथे पालथी पडून होती. मावशीला सगळं दिसलं, जणू आत्ताच घडतंय. टेबलावर दोन गठ्ठे, वर पंखा, खळ लावलेली पाण्याची पट्टी तळहातावर, वाऱ्याने शेजारच्या गठ्ठ्यावरची वरची पट्टी उडते, ओल्या पाठीला चिकटते, आणि आपण हेडक्लार्कच्या पायाच्या आवाजाकडे कान देऊन, न बघता, दोन्ही मिळून पानावर दाबतो. मोठी पट्टी कडांनी पानाला चिकटली. लहानी तिच्या पाठीवर, तोंड खाली.

तिने ती लहानी सोडवून तळहातावर घेतली. वजन नव्हतंच. गिळायला खरंच घोटभर पाणी पुरलं असतं. शेगडीत तर पाणीही लागलं नसतं. बाहेर बोळात मीठवाली कुणाशी तरी मोठ्याने बोलत होती. शब्द कळत नव्हते, नुसता वाऱ्यातला आवाज.

मावशीने मूठ बंद केली. मग उघडली.

पट्टीच्या मागच्या बाजूला खळ होती, वरच्या पट्टीची. पुढची बाजू, मजकुराची, पानाकडे होती, तिच्यावर खळीचा थेंब नव्हता. तिने उजेडाकडे धरून पाहिलं. अंगठा फिरवला. कोरडी. ही पट्टी ह्या पुस्तकात होती, पण ह्या पुस्तकाला कधी चिकटलीच नव्हती. लग्नाच्या मांडवात नुसतीच येऊन बसलेल्या परक्या बाईसारखी.

आणि तेव्हा तिला पुस्तकाचं पहिलं पान आठवलं. मुखपृष्ठाच्या आत, बारीक अक्षरात, 'चिकटवणाऱ्यासाठी सूचना' असा मजकूर असतो. कायदेवाले तो वाचत नाहीत, कारण तो त्यांच्यासाठी नाही. सगळ्या खात्यात तो वाचलेलं माणूस एकच.

साहेब पाऊण तासाने आले तेव्हा खोली निवळली होती. टेबलावर तीन गोष्टी मांडलेल्या: मोठी पट्टी, लहान पट्टी, आणि पहिल्या पानावर उघडलेलं पुस्तक. लहान पट्टी बघून त्यांचा चेहरा पडला. ते खुर्चीत बसले आणि पेनाचं टोपण काढू लागले.

"थांबा. हे वाचा आधी," मावशी म्हणाली आणि बोट ठेवलं.

त्यांनी वाचलं. "दुरुस्ती ज्या नियमाची असेल, त्या नियमावर तिची पट्टी चिकटेल त्या तारखेपासून ती दुरुस्ती त्या प्रतीच्या कचेरीपुरती अमलात आली असे समजावे. तोवर जुना मजकूर चालू समजावा." पुन्हा वाचलं. मग लहान पट्टी उलटसुलट करून बघितली, कोरड्या बाजूवर बोट टेकवलं, नियमाची जागा बघितली, तिथे खळीचा डाग आहे का ते भिंगाने बघितलं. नव्हता.

"हे कुणी लिहिलंय?"

"माझ्या आधीचं आहे. सही वाचता येत नाही. पण मोहोर आहे."

साहेबांना हसू आलं, आणि ह्या खेपेला ते कोणत्या कलमात बसतं हे त्यांनी पाहिलं नाही. पट्टी पोचली होती, लागू झाली नव्हती. दोनशे बारा दाखले खरे. हे त्यांनी तिथेच, उभ्याउभ्या, कॉलेजला जायच्या पत्रात लिहिलं. लिहून झाल्यावर पेन थांबलं. पट्टी लागली नाही हे दाखवायचं म्हणजे रजिस्टरातली ती सही खोटी होती हे दाखवावं लागणार, आणि ते मावशीला स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागणार होतं. सेवापुस्तकात शेरा जाईल. तीन महिने राहिलेत, त्यांनी हळूच आठवण करून दिली.

"लिहा, साहेब. शेऱ्याचा रकाना चौतीस वर्षं कोराच आहे. काहीतरी असू दे त्यात."

तिने लिहून दिलं. पाच ओळी. पट्टी एक कमी भरली, छापखान्याची चूक समजले, प्रत अपुरी असूनही सही केली, पुढे सांगितले नाही, चूक माझी. 'माझी' लिहिताना तिने पेन जरा जास्त दाबलं.

साहेबांनी तो कागद फाईलला लावला. मग, काम करणारा माणूस काम संपवतो तसे, लहान पट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, की आता ही तेवीसच्या जागेवर लावून टाका, म्हणजे विषय मिटला. उद्याच्या टपालाने पुस्तक परत जाईल.

हे येणार हे तिला ठाऊक होतं. दार उघडं राहिलं तिच्या हातून, लावायचंही तिच्याच हाताने. तिने पान उचललं आणि साहेबांसमोर हलवलं. ते ओल्या धडप्यासारखं लोंबलं.

"वाफ खाल्लेलं पान आहे. ह्याच्यावर खळ धरत नाही. धरली तर सुकताना ताणेल, शेजारचे नियम फाटतील. सूचना नंबर सहा. वजनाखाली सुकवायचं."

"किती दिवस?"

"हवा दमट आहे. दहा-बारा."

साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. सोमवारपासूनचा प्रवेशाचा आठवडा त्यांनाही ठाऊक होता, खात्यात कुणाला नसतो? बराच वेळ ते त्या सात चौकोनांकडे बघत राहिले. खोलीत अजून थोडी वाफ होती, आणि तीत ते चौकोन लांबच्या मिठाच्या वाफ्यांसारखे दिसत होते.

"सूचना आहे म्हटल्यावर," ते म्हणाले, "नीट सुकू द्या. फाटायला नको." आणि पत्र घेऊन निघून गेले.

मावशी बोळात गेली. मीठवालीच्या शेजारी बसली. दाखला खरा आहे आणि पत्र आजच कॉलेजला जातंय, हे सांगितलं. पिशवीतले दाखले काढून बाईने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक बघितले, जणू कुणी बदलून तर नाही ठेवले, आणि पुन्हा पिशवीत घातले.

"आणि ऐका," मावशी म्हणाली. "त्या अकरा जणींना सोमवारीच न्या. दुपारपर्यंत ढकलू नका, वाऱ्यापाण्याचं निमित्त नको. सासूला पुढे घाला."

"का हो? आठवडाभर आहे की."

"पान सुकतंय."

बाईला ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिने मावशीचा हात घेतला, तो उलटा करून बोटांवरची खपली झालेली खळ बघितली, आणि सोडून दिला. पुढच्या वर्षी काय, असं तिने विचारलं. मावशी म्हणाली, पुढच्या वर्षी दार बंद. संध्याकाळचे वर्ग मागा, कागद करा, भांडा, तुमच्यात आता लिहिता येणारी दोनशे बारा माणसं आहेत. मी तेव्हा ह्या खोलीत नसेन. बाई उठली. साडेबाराची होडी गाठायची होती. बोळाच्या टोकापर्यंत तिच्या चपलांचा आवाज आला, मग तो रस्त्यात मिसळला.

मावशी आत आली. सतरा नंबरच्या त्या पानाच्या खालीवर टिपकागद घातले, पुस्तक मिटलं, त्यावर फळी आणि फळीवर दोन दगड ठेवले. लहान पट्टी पाकिटात घालून पाकिटावर तारीख टाकली. छापखान्याकडून सकाळी आलेला नवा गठ्ठा अजून दोऱ्यात बांधलेला होता. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या खुर्च्यांचा काहीतरी बदल. तिने दोरा सोडला, शेगडीवरची किटली उतरवून खळीचं पातेलं चढवलं, पळी फिरवली, आणि एक नंबरची प्रत पुढ्यात ओढली.